हंगामाची वही: क्लबच्या चढउतारांत आशा कुठे ठेवावी आणि काळजी कशाची करावी

फुटबॉल क्लबच्या चाहत्याला सामना संपल्यावर दोनच गोष्टी वाटतात: यंदा काहीतरी घडणार, किंवा यंदा काही खरे नाही. हे दोन्ही अंदाज ताज्या निकालावर बांधलेले असतात आणि म्हणूनच बहुधा फसतात. क्लबचे दैव एका सामन्यात क्वचितच फिरते. ते दोन-तीन वर्षे आधी, खेळाडूंच्या करारांत आणि कर्जाच्या कागदांत फिरलेले असते आणि गुणतक्त्यात उशिरा दिसते. पुढे दिलेली पद्धत मी अनेक हंगाम वापरत आलो आहे. तिच्यामुळे हार कमी बोचत नाही, पण कोणती हार विसरून जावी आणि कोणती लक्षात ठेवावी हे हळूहळू कळू लागते.

सुरुवात एका वहीने करावी. प्रत्येक सामन्याला एक ओळ पुरे: प्रतिस्पर्धी कोण, सामना घरच्या मैदानावर की बाहेर, निकाल काय, दोन्ही संघांनी गोलच्या दिशेने मारलेले फटके किती, आणि दुखापतीमुळे किंवा निलंबनामुळे कोण बाहेर होते. सर्वांत महत्त्वाचा रकाना मात्र सामन्याआधी भरायचा असतो. किती गुण मिळाले तर समाधान वाटेल, ते आधी लिहावे आणि नंतर त्यात खाडाखोड करू नये. तगड्या संघाच्या मैदानावर ‘१ गुण मिळाला तरी पुष्कळ’ असे लिहिलेले असताना ८९व्या मिनिटाला बरोबरीचा गोल बसला, तर त्या रात्री झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी वही उघडली की मागितले होते तेवढे पदरात पडल्याचे दिसते. माझ्या एका जुन्या वहीत सलग आठ सामने विजय नाही, पाचव्या ओळीपासून अक्षर बिघडत गेले आहे आणि समासात ‘प्रशिक्षक बदला’ असे तीनदा लिहिले आहे. त्या आठपैकी सहा सामने पहिल्या सात क्रमांकांतील संघांशी होते, हे मला हंगाम संपल्यावर वही चाळताना प्रथम जाणवले.

गुणतक्ता पहिले दहा सामने पाहूच नये, असा सल्ला मी देणार नाही, कारण तो कोणी पाळत नाही. त्याऐवजी गेल्या हंगामातील त्याच सामन्यांशी तुलना करावी. गेल्या वर्षी ज्या संघाला घरी हरवले त्याच्याशी यंदा घरी बरोबरी झाली, तर उणे २, कारण विजयाचे ३ गुण असतात आणि बरोबरीचा १. गेल्या वर्षी जिथे हरलो तिथे यंदा जिंकलो, तर अधिक ३. खालच्या विभागात गेलेल्या संघांच्या जागी वर आलेले संघ क्रमाने धरावेत. ही बेरीज-वजाबाकी चालू ठेवली की सोप्या सामन्यांमुळे आलेली सूज आणि अवघड सामन्यांमुळे आलेली घसरण आपोआप वजा होते, आणि संघ गेल्या वर्षीपेक्षा खरोखर पुढे आहे की मागे, याचे उत्तर एका आकड्यात मिळते.

तळाशी असलेल्या संघांचे चाहते ४० गुणांचा जप करतात. इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, ३८ सामन्यांत ४० गुण झाले की रेलिगेशन (तळाच्या तीन संघांची खालच्या विभागात रवानगी) टळले, असा तो समज आहे. परंतु वेस्ट हॅम २००२-०३ मध्ये ४२ गुण मिळवूनही खाली गेला आणि वेस्ट ब्रॉम २००४-०५ मध्ये अवघ्या ३४ गुणांवर तरला. म्हणून ठरावीक आकड्यापेक्षा तळाच्या तिसऱ्या संघापासून आपले अंतर किती आहे आणि त्याचे उरलेले सामने कोणाशी आहेत, हे मोजावे. लेस्टर सिटी २०१४-१५ मध्ये १४० दिवस अगदी तळाला होता. शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून तो चौदावा आला आणि पुढच्याच हंगामात ८१ गुणांसह विजेता ठरला. हे उदाहरण प्रत्येक निराश चाहता एकदा तरी काढतो. तोच लेस्टर २०२३ मध्ये ३४ गुणांवर रेलिगेट झाला, हे मात्र त्या वेळी कोणी काढत नाही.

निकालामागचा खेळ पाहण्यासाठी ‘अपेक्षित गोल’ हा आकडा उपयोगी पडतो. फटका कुठून आणि कशा स्थितीत मारला यावरून त्याचे गोलमध्ये रूपांतर होण्याची शक्यता काढतात आणि सर्व फटक्यांची बेरीज करतात. चारपैकी साधारण तीन पेनल्टींवर गोल होतो, म्हणून एका पेनल्टीची किंमत पाऊण गोलाच्या आसपास धरली जाते. पंचवीस यार्डांवरून मारलेला फटका त्या मानाने कवडीमोल असतो. एका सामन्यापुरता हा आकडा वाचू नये, दहा सामन्यांचा एकत्र वाचावा. संघ हरतो आहे पण अपेक्षित गोलांत पुढे आहे, तर धीर धरावा. संघ जिंकतो आहे पण दर वेळी गोलरक्षकच सामनावीर ठरतो आहे, तर विजय साजरे करावेत आणि मनात जपून राहावे. अर्थात आक्रमण चांगले असले म्हणजे सारे ठीक, असेही नाही. मँचेस्टर सिटीने १९३७-३८ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या विभागात सर्वाधिक ८० गोल केले, तरी आदल्या वर्षीचा हा विजेता संघ खाली गेला, कारण त्याने ७७ गोल खाल्ले होते.

प्रशिक्षकाची हकालपट्टी हा चाहत्यांचा आवडता उपाय आहे आणि त्यावर मी थोडक्यातच लिहितो. प्रशिक्षक बहुधा सर्वांत वाईट टप्प्याच्या शेवटी जातो, त्यामुळे त्यानंतरचे निकाल काही केले नसते तरी थोडेफार सुधारलेच असते. ‘नव्या माणसाने जादू केली’ हे वाक्य वहीत लिहिण्यापूर्वी किमान दहा सामने थांबावे.

खरी काळजी करण्याजोगी गोष्ट मैदानाबाहेर असते. इंग्लंडमध्ये क्लब ही नोंदणीकृत कंपनी असल्याने तिचे वार्षिक हिशेब कोणालाही मोफत पाहता येतात. इतर अनेक देशांतही ते या ना त्या रूपात प्रसिद्ध होतात. लेखापाल असण्याची गरज नाही, तीन जागा वाचाव्यात. पहिली, उत्पन्नातला किती भाग पगारांत जातो. खेळाडूंचे पगार, खेळाडू विकत घेण्याचा खर्च आणि दलाली मिळून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आत राहावी, अशी मर्यादा युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने आपल्या स्पर्धांतील क्लबांना टप्प्याटप्प्याने लागू केली आहे. केवळ पगारच त्याहून पुढे गेले असतील तर क्लब पुढच्या यशावर उधार जगतो आहे. दुसरी जागा कर्जाची: पैसे मालकाचे आहेत की बँकेचे, आणि तारण काय ठेवले आहे. तिसरी जागा खेळाडूंच्या विक्रीतून झालेल्या नफ्याची. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत हिशेबात कराराच्या वर्षांवर विभागली जाते, म्हणजे ५ कोटी पौंडांचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर दर वर्षी १ कोटीने खर्ची पडतो; परंतु स्वतःच्या अकादमीत वाढलेला मुलगा विकला की जवळजवळ सगळी रक्कम त्याच वर्षी नफा म्हणून दिसते. म्हणूनच हिशेबाचे वर्ष संपता संपता घरचा लाडका खेळाडू अचानक विकला गेला, तर त्यामागे प्रशिक्षकाची नापसंती शोधण्याआधी ताळेबंद उघडावा.

लीड्स युनायटेडच्या चाहत्यांना हे सर्वांत महागात पडले. २००१ मध्ये त्यांचा संघ चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या उपांत्य फेरीत होता, आणि पुढेही तिथे खेळण्याच्या भरवशावर क्लबने मोठी कर्जे काढली होती. पुढच्या हंगामात ती पात्रता मिळाली नाही, २००२ मध्ये बचावपटू रिओ फर्डिनंड विकला गेला, २००४ मध्ये संघ खाली आला आणि २००७ मध्ये तिसऱ्या विभागात पोहोचला. प्रीमियर लीगमध्ये परतायला २०२० उजाडले. हल्ली तर हिशेबांतील चूक थेट तक्त्यात उतरते: एव्हर्टनचे २०२३-२४ मध्ये आर्थिक नियमभंगाबद्दल १० गुण कापले गेले, अपिलात ती कपात ६ वर आली आणि नंतर आणखी २ गुण गेले. चाहत्याने वहीत अशा संभाव्य कपातीसाठीही एक रकाना ठेवावा, असे मी आता गंभीरपणे सुचवतो.

हिशेब चिंताजनक दिसले तर समर्थकांच्या ट्रस्टचे सभासद व्हावे आणि सभांना जाऊन प्रश्न विचारावेत. बरी हा क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये पैशांअभावी इंग्लिश फुटबॉल लीगमधून (प्रीमियर लीगखालच्या तीन विभागांतून) काढला गेला, तेव्हा वेळ निघून गेली होती. लंडनच्या विम्बल्डन क्लबच्या समर्थकांनी मात्र क्लब मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात हलवण्यास परवानगी मिळताच २००२ मध्ये स्वतःचा एएफसी विम्बल्डन उभा केला. नवव्या पातळीपासून सुरुवात करून तो २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोहोचला.

राहिला हंगामाचा शेवटचा दिवस. १५ मे २००५ रोजी सकाळी वेस्ट ब्रॉम सर्वांत तळाला होता. त्यांनी पोर्ट्समथला २-० असे हरवले, पण दुसरीकडे चार्ल्टन विरुद्ध क्रिस्टल पॅलेस हा सामना अजून चालू होता आणि मैदानावरचे लोक रेडिओ कानाला लावून उभे होते. तो २-२ असा सुटल्यावरच जल्लोष झाला. अशा दिवसासाठी तळाशी झगडणाऱ्या सर्व संघांच्या सामन्यांच्या निकालांची शक्य तेवढी गणिते आदल्या रात्री कागदावर मांडून ठेवावीत, कारण ८५व्या मिनिटाला गोलफरकाची वजाबाकी तोंडी जमत नाही. दुसऱ्या मैदानावरची बातमी एकाच भरवशाच्या ठिकाणाहून घ्यावी. गर्दीत उठलेली आरोळी खरी मानू नये. वहीतली त्या दिवसाची ओळ मात्र त्याच रात्री लिहू नये. ती दुसऱ्या दिवशी सकाळी, गेल्या हंगामाशी तुलनेचा आकडा पूर्ण करून मगच लिहावी, आणि तिच्याखाली ज्या खेळाडूंचे करार येत्या वर्षी संपत आहेत त्यांची नावे उतरवून ठेवावीत.