उन्हाळ्यात पैदाशीच्या नराची निगा: फळवणीच्या हंगामापूर्वीची तयारी

गाई-म्हशी किंवा शेळ्या-मेंढ्या वारंवार उलटू लागल्या, म्हणजे फळवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येऊ लागल्या, की मादीचा खुराक, तिचे आजार आणि माज ओळखण्यातील चुका यांकडे आधी लक्ष जाते. ते जायलाच हवे. परंतु जिथे नैसर्गिक पद्धतीने फळवणी होते, तिथे एक मादी वांझ निघाल्यास एकाच वेताचे नुकसान होते आणि नर निकामी निघाल्यास त्याच्याकडे सोडलेल्या प्रत्येक मादीचा हंगाम वाया जातो. म्हणून उन्हाळा संपल्यावर ज्या वळूचा, रेड्याचा, बोकडाचा किंवा मेंढ्याचा वापर करायचा आहे, त्याची निगा कडक उन्हाळ्यातच सुरू करावी.

यामागचे कारण नराच्या शरीररचनेत आहे. शुक्राणू नीट तयार होण्यासाठी वृषणांचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा 2 ते 6 अंश सेल्सिअसने कमी असावे लागते आणि त्यासाठीच ते शरीराबाहेर, वृषणकोशात असतात. थंडीत कोशाची त्वचा आकसते व स्नायू वृषणांना वर ओढतात, तर उष्म्यात ते सैल सोडतात. कोशाच्या मानेत नागमोडी धमनीभोवती शिरांचे दाट जाळे असते आणि खालून परतणारे थंड रक्त वरून येणाऱ्या गरम रक्ताची उष्णता काढून घेते. अतिशय लठ्ठ नरांमध्ये नेमकी याच ठिकाणी चरबी साठते व ही व्यवस्था बिघडते. दिसायला भारदस्त वाटावा म्हणून नराला भरपूर आंबोण चारण्याची पद्धत त्यामुळेच हानिकारक आहे.

दुसरी बाब काळाची आहे. वळूमध्ये शुक्राणू तयार होण्यास सुमारे 61 दिवस आणि मेंढ्यामध्ये सुमारे 49 दिवस लागतात; त्यानंतर वृषणाला लगटून असलेल्या अधिवृषणात ते परिपक्व होण्यास आणखी एक ते दोन आठवडे जातात. साहजिकच, आज लागलेल्या तीव्र उष्म्याचा किंवा येऊन गेलेल्या तापाचा परिणाम काही आठवड्यांनी वीर्यात दिसतो आणि वीर्य पूर्ववत होण्यास दोन महिने किंवा अधिक काळ लागतो. या काळात नराची कामेच्छा बहुधा टिकून राहते, तो मादीवर उत्साहाने चढतो, आणि म्हणूनच पशुपालकाची फसगत होते. नर चढतो म्हणजे तो फळवतो, असे कधीही गृहीत धरू नये.

उन्हाळ्यात नराला दिवसभर गर्द सावली, खेळती हवा आणि कायम स्वच्छ पाणी मिळावे. रेड्याला डुंबण्याची सोय करावी. ते शक्य नसल्यास अंगावर दिवसातून अनेकदा पाणी मारावे. मेंढ्याची लोकर ऊन तापण्यापूर्वी कातरावी व कोशावर दाट लोकर असल्यास तीही काढावी. फळवणी पहाटे किंवा सायंकाळी उशिराच करावी. हिरवा चारा, क्षार मिश्रण आणि रोजची चाल ही तयारी हंगामाच्या किमान दोन महिने आधी सुरू व्हावी, कारण त्या वेळी तयार होऊ लागलेले शुक्राणूच पुढे कामी येणार असतात.

याच सुमारास नराची हाताने तपासणी करावी. नराला खोड्यात नीट बांधून, मागे उभे राहून कोशाची मान हलकेच धरावी व दोन्ही वृषणे खाली आणावीत. ती आकाराने जवळजवळ सारखी, आत मोकळी सरकणारी आणि दाबल्यास भरीव पण किंचित लवचीक लागली पाहिजेत. पिलपिलीत, दगडासारखे कडक, गरम किंवा दुखरे वृषण हे बिघाडाचे लक्षण आहे. वृषणाच्या खालच्या टोकाशी अधिवृषणाचे शेपूट उंचवट्यासारखे लागते. तिथे गाठ किंवा सूज असल्यास नर वापरू नये. ज्याचे एकच वृषण उतरले आहे असा नर एखाद्या मादीला फळवेलही, परंतु हा दोष वंशात उतरतो, म्हणून त्याला पैदाशीतून काढावे. कोशाचा घेर टेपने मोजावा. युरोपीय वंशाच्या दोन वर्षांवरील वळूत तो किमान 34 सेंटिमीटर अपेक्षित असतो. झेबू (वशिंड असलेल्या देशी) वंशाला व रेड्याला हा आकडा जसाच्या तसा लावू नये.

वळू, बोकड व मेंढा यांचे शिश्न तंतुमय असून आत इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले असते. बोकड-मेंढ्यांत त्याच्या टोकाला मूत्रनलिकेचा दोऱ्यासारखा भाग पुढे आलेला असतो आणि मूतखडा बहुतेकदा तिथे किंवा त्या वळणात अडकतो. धान्याचा अतिरेक आणि कमी पाणी यांमुळे हा धोका वाढतो; आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट असावे. नर कुंथत असेल व लघवी थेंबथेंब होत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे.

वीर्यतपासणी व ब्रुसेलोसिसची (गर्भपात घडवणाऱ्या जिवाणूजन्य रोगाची) रक्ततपासणी हंगामापूर्वीच करून घ्यावी. वळूच्या वीर्यात किमान 30 टक्के शुक्राणू सरळ पुढे जाणारे आणि 70 टक्के आकाराने निर्दोष असावेत. ब्रुसेलोसिस माणसालाही होतो, म्हणून गाभडलेल्या मादीचा जार उघड्या हाताने हाताळू नये. मादी वासरांना दिली जाणारी या रोगाची जिवंत लस नराला टोचू नये, कारण तिच्यामुळे वृषणदाह (वृषणाची सूज) होऊ शकतो.

प्रौढ बोकडामागे किंवा मेंढ्यामागे 25 ते 30 माद्या पुरेशा आहेत. तरुण नराला त्याहून बऱ्याच कमी द्याव्यात. नराच्या मुली माजावर येण्याआधी तो नर बदलावा. ज्या नरांची पैदाशीसाठी गरज नाही, त्यांचे खच्चीकरण पशुवैद्यकाकडून वेळीच करून घ्यावे. वयात आलेल्या नराच्या वीर्यवाहिनीत आधीचे शुक्राणू शिल्लक राहतात, म्हणून खच्चीकरणानंतर किमान दीड महिना त्याला माद्यांपासून वेगळे बांधावे.