मुलांच्या चिंता-नैराश्याच्या प्रश्नावल्या: फॉर्म गोळा केल्यावर पहिल्या तासात काय करायचं

एम. ए. मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी ‘किशोरवयीन मुलांमधील चिंता आणि नैराश्य’ हा विषय दर वर्षी कुणीतरी घेतंच. मीही तोच घेतला होता. आता शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. विषय मंजूर झाला की विद्यार्थ्यांचे फोन सुरू होतात, “ताई, पटकन भरून होईल अशी कुठली प्रश्नावली आहे?” विश्वसनीयता, वैधता, लिकर्ट मापनी हे तुम्हाला येतं असं धरते आणि वर्गात जे कुणी सांगत नाही तेवढंच इथे लिहिते.

आधी प्रश्नावलीची निवड. पुढची सगळी नावं प्रश्नावल्यांचीच आहेत. स्केअर्डमध्ये ४१ विधानं आहेत, सगळी चिंतेची, आणि ती मागच्या ३ महिन्यांबद्दल विचारतात. आरकॅड्समध्ये ४७ विधानं. त्यांचे सहा गट, म्हणजे उपमापन्या: पाच चिंतेच्या, एक नैराश्याची. मारिया कोवॅक्स यांची नैराश्याची सीडीआय ७ ते १७ वयासाठी. तिच्यात वाक्यांचे २७ संच असतात आणि प्रत्येक संचातून मागच्या दोन आठवड्यांना लागू पडणारं एक वाक्य मुलाने निवडायचं. नैराश्याचे नऊ प्रश्न विचारणारी पीएचक्यू-९ सुद्धा दोन आठवड्यांचीच. मुलांच्या भावनिक आणि वर्तनाच्या अडचणी विचारणारी रॉबर्ट गुडमन यांची एसडीक्यू २५ विधानांची, पण ती सहा महिन्यांचा काळ धरते आणि भावनिक अडचणींसाठी तिच्यात फक्त ५ विधानं आहेत. हे काळ नीट पाहून घ्या. एसडीक्यू आणि पीएचक्यू-९ एकत्र घेऊन सहामाहीच्या आठवड्यात फॉर्म भरून घेतलेत, तर एका कागदावर अर्ध्या वर्षाची कहाणी येईल आणि दुसऱ्यावर परीक्षेची. परीक्षेच्या मागेपुढे दोन-तीन आठवडे शाळेत जाऊच नका.

सीडीआय विकत घ्यावी लागते. सीनियरकडची झेरॉक्स घेऊन काम भागवण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. त्या झेरॉक्सवर भाषांतर कुणाचं, गुण कसे द्यायचे, काहीच लिहिलेलं नसतं. सीडीआयच्या बऱ्याच संचांत सर्वांत गंभीर वाक्य आधी येतं, बाकीच्यांत शेवटी. ते न पाहता सरसकट ०, १, २ देत गेलात तर खचलेलं मूल ठणठणीत दिसेल. पैसे नसतील तर स्केअर्ड, आरकॅड्स किंवा पीएचक्यू-९ घ्या, त्या मोफत मिळतात.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. सीडीआयचा ९ वा संच जीव देण्याच्या विचारांबद्दल आहे. पीएचक्यू-९चा ९ वा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. आणि आपल्याला पद्धत शिकवली जाते ती अशी: नाव घ्यायचं नाही, फक्त क्रमांक घालायचा; सगळ्या शाळा उरकल्या की एक्सेलमध्ये भरायचं, मग एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये. मीही तसंच केलं. नोंदी भरताना एका फॉर्मवर ९ व्या संचातलं सर्वांत गंभीर वाक्य निवडलेलं दिसलं. फॉर्म भरून कित्येक आठवडे झाले होते. माझ्याकडे होता फक्त क्रमांक, आणि तो कुणाचा हे शोधायला काहीच मार्ग ठेवलेला नव्हता. मुख्याध्यापकांनी त्या तुकडीतल्या प्रत्येक मुलाशी एकेकटं बोलायची परवानगी दिली, म्हणून ते मूल सापडलं आणि त्याला मदत मिळाली. दुसऱ्या शाळेने परवानगी दिली नसती तर? तुमच्यापैकी कुणावर ही वेळ येऊ नये.

म्हणून व्यवस्था आधी करा. क्रमांक जरूर घाला, पण क्रमांक आणि नावांची यादी वेगळ्या बंद पाकिटात तुमच्या किंवा गाईडच्या ताब्यात ठेवा, शिक्षकांच्या नाही. फॉर्म गोळा झाले की शाळेच्या आवारातून बाहेर पडण्याआधी प्रत्येक फॉर्मवरचं ते एक उत्तर पाहा. फक्त ते एकच. बाकीचं गुणांकन घरी. एका वर्गाचे फॉर्म पाहायला पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ होतात. शून्याखेरीज काहीही दिसलं, तर त्या मुलाला त्याच दिवशी भेटायचं. यासाठी फॉर्म सकाळच्या तासांना भरून घ्यावे लागतात. शेवटचा तास घेतलात तर घंटा होते, मुलं एसटी पकडायला पळतात आणि तुम्ही गठ्ठा घेऊन उभे राहता. भर वर्गात एकट्याचं नाव पुकारू नका, आणखी दोन-चार मुलांनाही बोलवा. भेटल्यावर आडवळणं न घेता विचारा: असा विचार कधी आला, काही करायचं मनात ठरवलं आहे का, आत्ता घरी कोण आहे. मूल बोलताना लैंगिक अत्याचाराची गोष्टही सांगू शकतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, हे आधीच ठाऊक असू द्या.

हे सगळं मुलांना फॉर्म देण्यापूर्वी सांगायचं असतं: उत्तरं गुप्त राहतील, पण कुणाच्या जिवाला धोका वाटला तर आम्ही मोठ्यांची मदत घेऊ. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांच्या संमतीसोबत ७ ते १२ वयाच्या मुलांची तोंडी आणि १२ ते १८ वयाच्या मुलांची लेखी सहमती घ्यायची असते. गुप्ततेचं वरचं वाक्य त्या सहमतीच्या कागदातच छापा. आणि निनावी गुगल फॉर्मवर ९ वा प्रश्न कधीही पाठवू नका. रात्री अकराला एखाद्याने तो भरला तर त्याच्यापर्यंत पोहोचणार कोण?

काही गाईड म्हणतात, तो प्रश्नच गाळा. मदतीची सोय खरोखरच नसेल तर पीएचक्यू-८ (तीच प्रश्नावली, ९ वा प्रश्न वगळून) घ्या, किंवा नैराश्याचीच १३ विधानांची छोटी एमएफक्यू. ३३ विधानांच्या मोठीत आत्महत्येच्या विचारांबद्दल विधानं आहेत, छोटीत नाहीत. मात्र विचारल्याने मुलाच्या डोक्यात नको ते शिरेल, या भीतीपोटी गाळू नका. न्यूयॉर्क राज्यातल्या ६ हायस्कूलमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर हे तपासलं गेलं, २००५ साली ते प्रसिद्ध झालं, आणि विचारलेल्या मुलांची अस्वस्थता किंवा आत्महत्येचे विचार वाढल्याचं दिसलं नाही.

एवढं वाचून विषय बदलावासा वाटला असेल तर थांबा. हे काम जमतं. बहुतेक फॉर्मवर त्या प्रश्नाला शून्यच असतं आणि मुलांना कुणीतरी विचारलं याचं बरंच वाटतं.

कट-ऑफनेही, म्हणजे ज्याच्या वर गुण गेले की नैराश्याची शक्यता धरतात त्या आकड्यानेही, घाबरू नका. समजा ६० मुलांच्या वर्गात ५ जणांना खरंच नैराश्य आहे आणि तुमची प्रश्नावली दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक आहे. ती ५ पैकी ४ पकडेल, आणि उरलेल्या ५५ पैकी ११ जणांवरही बोट ठेवेल. म्हणजे कट-ऑफच्या वर १५ मुलं, त्यांतली खरी ४. म्हणून प्रबंधात ‘२५ टक्के विद्यार्थी नैराश्यग्रस्त’ असं लिहू नका. ‘२५ टक्के विद्यार्थ्यांचे गुण कट-ऑफच्या वर’ एवढंच लिहा. निदान मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मुलाखतीनंतर करतात. पालकांचा आणि मुलाचा फॉर्म जुळला नाही तरी त्यातला एक खोटा ठरत नाही. आईला मुलाची चिडचिड दिसते, रात्री छातीत होणारी धडधड फक्त त्यालाच माहीत असते.

गाईड निवडता येत असेल तर शोधनिबंधांची यादी बघून निवडू नका. पहिल्याच भेटीत विचारा, “शाळेतून अडचणीचा फोन केला तर उचलाल ना?” उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा गाईड बघा. आणि पहिल्या शाळेत पाऊल टाकण्याआधी फाइलच्या आतल्या बाजूला हे लिहून ठेवा: मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस १४४१६, मुलांसाठीची चाइल्डलाइन १०९८, गाईडचा नंबर, आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत असते ते.