मोठ्या बोअरच्या रायफलीचा हलका सराव : या चुका टाळा

सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात पीकसंरक्षणासाठी किंवा वारसाहक्काने मिळालेली परवान्याची रायफल बाळगणारी घरे आजही आहेत. बहुतेकांकडे ईशापूरच्या कारखान्यात बनलेली ०.३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे इंचातले माप) रायफल असते आणि एखाद्या जुन्या वाड्यात आजोबांच्या काळातली ०.३७५ मॅग्नमसारखी भारी रायफलही निघते. अशा रायफलीचा सराव अवघड जातो, कारण काडतुसे महाग असतात, वर्षाला किती घेता येतील ते परवान्यावरच लिहिलेले असते आणि भारी रायफलीचा धक्का असा असतो की पाच-सात गोळ्यांनंतर खांदा आपोआप मागे सरायला लागतो. मग काडतुसातली दारू थोडी कमी करून हलकी काडतुसे घरीच भरावीत, हा विचार कुणाच्या तरी डोक्यात येतोच. पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे.

दारू अर्धी म्हणजे धोका अर्धा, हा समज

कायद्यापासून सुरुवात करू. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार काडतुसे तयार करण्यासाठी वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगण्याच्या परवान्यात तो अधिकार येत नाही. काडतुसांचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश त्या कायद्याने ‘दारूगोळा’ या व्याख्येत केला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षे असून ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. अमेरिकेत लोक घरी काडतुसे भरतात, हे खरे आहे, परंतु तिकडचा व्हिडिओ पाहून इकडे तसे करणाऱ्याला त्या व्हिडिओचा आधार न्यायालयात मिळणार नाही.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी यंत्रशास्त्रही या समजाच्या बाजूने नाही. भारी रायफलीचे काडतूस मंद जळणाऱ्या दारूसाठी बेतलेले असते आणि अशी दारू विशिष्ट दाब तयार झाल्यावरच नीट पेटते. काडतुसाच्या पुंगळीत मोकळी जागा जास्त राहिली, तर दारू आडवी पसरते आणि ठिणगी तिच्यापर्यंत कधी उशिरा, तर कधी विचित्र पद्धतीने पोहोचते. मंद दारू फारच कमी भरल्यावर दाब कमी होण्याऐवजी अचानक भयंकर वाढून रायफलीच्या चेंबरच्या (काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागाच्या) ठिकऱ्या उडाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्यामागचे नेमके कारण तज्ज्ञांमध्ये अजूनही वादाचे आहे. म्हणूनच दारू बनवणाऱ्या कंपन्या आपल्या तक्त्यांत कमाल मात्रेबरोबर किमान मात्राही छापतात.

दुसरा धोका जास्त साधा आणि म्हणूनच जास्त वेळा घडणारा आहे. कमी दाबाने निघालेली गोळी नळीतच अडकू शकते. आवाज ‘फुस्स’ असा येतो, धक्का जवळजवळ बसत नाही, निशाण्यावर भोक पडत नाही आणि नेमबाज गोंधळून पुढचे काडतूस भरतो. त्या दुसऱ्या गोळीने नळी फुगते किंवा फाटते. असा आवाज आला, की रायफल निशाण्याच्या दिशेने धरून किमान अर्धा मिनिट थांबावे, कारण काडतूस उशिरा पेटलेलेही असू शकते. त्यानंतर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडून रायफल रिकामी करावी आणि नळीतून आरपार उजेड दिसतो की नाही, हे मागच्या बाजूने पाहावे. उजेड दिसला नाही, तर रायफल परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे न्यावी. घरी गज ठोकून गोळी बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नये.

कारखान्याचे काडतूस उघडून त्यातली थोडी दारू काढून टाकणारेही असतात. त्या काडतुसात कोणती दारू आहे, हे त्यांना माहीत नसते, आणि कायद्याच्या नजरेत हा प्रकारही निर्दोष नाही. वरणगावच्या आयुध निर्माणीसारख्या कारखान्यात काडतुसांची प्रत्येक खेप दाब आणि वेग मोजून तपासली जाते. ती तपासणी घरातल्या टेबलावर होऊ शकत नाही.

मग सराव कशावर करायचा

रायफल तीच ठेवून तिचे काडतूस दुबळे करण्याऐवजी रायफलच लहान घ्यावी. नेम धरणे, श्वास रोखणे आणि घोडा न हिसकता दाबणे या तिन्ही गोष्टी ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलीवर शिकता येतात. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ०.१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही; विकत घेताना ओळखपत्र आणि वयाचा पुरावा द्यावा लागतो. ०.३७५ मॅग्नमच्या गोळीची ऊर्जा ५,८०० ज्यूलच्या आसपास असते, हे लक्षात घेतले, की सरावाचा भार किती हलका होतो, हे कळते. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ अवघे अर्ध्या मिलिमीटरचे असते, आणि याच प्रकारात अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक मिळवले. त्यामुळे एअर रायफल हे पोरांचे खेळणे आहे, असे म्हणणाऱ्याने आधी दहा मीटरवर उभे राहून दहा छरे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील असे मारून दाखवावेत.

एअर रायफलीच्या चुका

छरे विखुरतात, ही सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार आहे आणि तिचे कारण बहुतेक वेळा रायफल घट्ट धरण्यात असते. स्प्रिंगवाल्या रायफलीत छरा नळीत असतानाच आतला दट्ट्या पुढे धावतो आणि आदळतो, त्यामुळे तिला आधी मागे आणि मग पुढे असे दोन धक्के बसतात. भारी रायफल खांद्यात गच्च दाबून धरायची ज्याला सवय आहे, तो हीसुद्धा तशीच आवळतो, आणि दर वेळी पकड थोडी वेगळी पडल्यामुळे छरा दर वेळी वेगळीकडे जातो. हिचा पुढचा दस्ता उघड्या तळहातावर नुसता टेकवावा, बोटे त्याभोवती वळवू नयेत, खांद्याशी हलका स्पर्श ठेवावा आणि दस्ता प्रत्येक वेळी तळहाताच्या त्याच जागी ठेवावा. ती जागा खडूच्या रेघेने दस्त्यावर आखून घेतली, तर फरक त्याच दिवशी दिसतो. टेबलावर नुसती टेकवून झाडलेली स्प्रिंगची रायफल उडी मारते. त्या निशाण्यावरून तिची पारख करू नये.

त्यानंतर स्क्रू पाहावेत. दोन धक्क्यांच्या हादऱ्याने दस्त्याचे आणि दुर्बिणीच्या पट्ट्यांचे स्क्रू ढिले होतात, आणि काल बरोबर लागणारी रायफल आज दोन बोटे डावीकडे मारते. याच दुहेरी धक्क्याने शिकारी रायफलीच्या दुर्बिणीच्या आतल्या तारा निखळू शकतात, म्हणून भारी रायफलीची चांगली दुर्बीण स्प्रिंगच्या रायफलीवर चढवू नये. शिकारी रायफलीच्या दुर्बिणी साधारण शंभर यार्डांवर जुळवलेल्या असतात. दहा मीटरवर चित्र धूसर दिसते आणि डोके जरा हलले, तरी क्रॉस निशाण्यावरून सरकतो. दहा मीटरच्या सरावाला उघडी माशी आणि खाचच (नळीवरचे पुढचे आणि मागचे नेमखूण) बरी पडते. दुर्बीण लावायचीच असेल, तर ती नळीपासून चार-पाच सेंटीमीटर उंच बसते, म्हणून दहा मीटरवर नेम बसवल्यास वीस मीटरवर छरा किंचित वर लागतो. तो दोष रायफलीचा नसतो.

छऱ्यांची पातळ किनार डब्यात एकमेकांवर आपटून वाकते. वाकडा छरा नळीत हवा नीट अडवत नाही. भरण्यापूर्वी प्रत्येक छरा उजेडात फिरवून पाहायला दोन सेकंद लागतात. छरे शिशाचे असतात, त्यामुळे ते तोंडात धरून एकेक भरण्याची गावाकडची सवय ताबडतोब सोडावी आणि सरावानंतर जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

निशाण्याच्या मागे काय आहे, याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. विटेच्या किंवा सिमेंटच्या भिंतीवरून छरा उलट फिरतो. जुन्या कपड्यांनी ठासून भरलेला खोका किंवा खाली झुकवलेली लोखंडी पाटी असलेली पेटी ठेवावी आणि साधा चष्मा का होईना, डोळ्यांवर असावा. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे दुपारचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि गरम वारा सुटतो. अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्याला तो वारा सहज बाजूला नेतो. त्या दिवसांत सराव पहाटे किंवा बंद खोलीत करावा. हवा भरलेल्या सिलिंडरची रायफल असेल, तर ती उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये, कारण तापलेल्या हवेचा दाब वाढतो.

रिकाम्या रायफलीचा सराव

भारी रायफल हाताळण्याची सवय राहावी म्हणून ती रिकामी ठेवून घोडा दाबण्याचा सराव उत्तम आहे, पण त्याचे दोन नियम आहेत. सरावाच्या खोलीत एकही जिवंत काडतूस नसावे. ती सगळी दुसऱ्या खोलीत, कुलपात ठेवलेली असावीत. बोल्ट उघडून चेंबरमध्ये करंगळी घालून पाहावी, नुसती नजर टाकून समाधान मानू नये. सराव मोडून मध्ये फोन आला किंवा कुणी हाक मारली, तर परत आल्यावर हे सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे. अपघात बहुधा या मधल्या वेळेतच होतात.

काडतूस पेटवणारी पिन रिकाम्या चेंबरवर आदळू नये, म्हणून डमी (दारू नसलेले नकली) काडतूस वापरावे, विशेषतः जुन्या दुनळी रायफलीत, जिच्या स्प्रिंगचा आणि पिनचा सुटा भाग आज सहजासहजी मिळत नाही. ०.२२ ची रायफल डमीशिवाय झाडू नये, कारण तिची पिन चेंबरच्या काठावर आदळून खाच पाडते. आणि स्प्रिंगची एअर रायफल तर छऱ्याशिवाय कधीच झाडू नये. दट्ट्याला हवेची उशी मिळत नाही आणि त्याचे सील आणि स्प्रिंग लवकर खराब होतात.

धक्क्याची भीती

भारी रायफलीत नेम चुकण्याचे खरे कारण बहुतेकदा हेच असते. घोडा दाबण्याआधीच डोळे मिटतात, खांदा पुढे रेटला जातो आणि गोळी खाली जाते. नेमबाजाला ते स्वतःला कळत नाही. ओळखण्याचा उपाय असा, की परवानगी असलेल्या रेंजवर, प्रशिक्षकासमोर, दुसऱ्या माणसाने रायफल भरून द्यावी आणि अधूनमधून त्यात डमी काडतूस घालावे. डमीवर नळी जोराने खाली गेली, तर भीती सिद्ध झाली. अशा वेळी मोठ्या गोळ्या वाढवून काही साधत नाही. तीन-चार आठवडे लहान रायफलीवर परत जावे, आणि दस्त्याच्या टोकाला रबरी पॅड बसवून घ्यावा. दस्ता लांब किंवा आखूड असेल, तर गालफडाला किंवा खांद्याच्या हाडाला मार बसतो. जुन्या रायफली उंचपुऱ्या किंवा ठेंगण्या मूळ मालकाच्या मापाच्या असतात, हे लक्षात न घेता नातू त्याच मापाने पंधरा वर्षे काढतो. दस्ता मापात आणणे हे परवानाधारक कारागिराचे काम आहे.

पूर्ण ताकदीची काडतुसे थोडीच झाडावीत, ती कारखान्याची असावीत आणि कानावर संरक्षण ठेवून झाडावीत. टेबलावर बसून झाडल्यास धक्का सगळा खांद्यात येतो, कारण शरीर मागे जाऊ शकत नाही. नेम बसवण्यापुरतेच बसावे आणि पुढच्या गोळ्या उभ्याने झाडाव्यात. शेतात, बांधावर किंवा नदीपात्रात सराव करू नये. रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) पिकात शिरले, तरी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांच्यावर गोळी चालवता येत नाही. रेंजवर जाताना रायफल रिकामी आणि पिशवीत बंद असावी, काडतुसे वेगळ्या पेटीत असावीत आणि मूळ परवाना सोबत ठेवावा, म्हणजे वाटेत विचारणा झाली, तरी गाडी थांबवून कागद शोधत बसावे लागत नाही.