इंटरनेट अडतंय की अडवलं जातंय? घणसोलीतल्या घरातून तपासायची रीत

मी घणसोलीत राहते, संध्याकाळी सात ते आठ दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. गेल्या पावसाळ्यात रोज सव्वासातला माझा व्हिडिओ गोठायचा आणि त्याच वेळी बाहेरच्या खोलीत इंटरनेट कंपनीचं स्वतःचं टीव्ही अ‍ॅप मात्र एकदाही न थांबता चालायचं. फोन केला की एकच उत्तर, "ताई, राउटर बंद करून चालू करा."

२०१५ मध्ये ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, नेट न्यूट्रॅलिटीसाठी (कंपनीने कुठल्याही साइट-अ‍ॅपमध्ये भेदभाव करू नये यासाठी) दहा लाखांहून जास्त ईमेल गेले, त्यातला एक माझा होता. त्यामुळे मला हे सोडून देणं शक्य नव्हतं. पण नुसत्या संशयावर तक्रार टिकत नाही. आधी मोजावं लागतं.

वायफायवर मोजू नका. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा, घरातले बाकीचे फोन नेटवरून काढा आणि जी वेळ त्रासाची आहे त्याच वेळी मोजा. सकाळी अकराला मिळालेला आकडा काही सांगत नाही. स्पीड टेस्ट बहुतेकदा जवळचा सर्व्हर निवडते, तो कधीकधी तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात असतो आणि आकडा छान दिसतो. म्हणून सर्व्हर बदलून दुसऱ्यांदा घ्या. ४० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट, म्हणजेच ५ मेगाबाइट (८ बिटांचा एक बाइट), हेही लक्षात ठेवा. फाइल उतरताना दिसणारा आकडा ४० कधीच नसतो.

सगळंच हळू असेल तर प्रश्न वेगळा आहे. संध्याकाळी लाइनवर गर्दी असेल किंवा महिन्याचा डेटा संपून वेग उतरला असेल. ती सेवेच्या दर्जाची तक्रार, भेदभावाची नव्हे.

एकच सेवा अडत असेल तर पुढे जा. तीच सेवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवून पाहा. मग घरच्याच लाइनवर व्हीपीएन (तुमचा डेटा झाकून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं अ‍ॅप) लावून पाहा. नॉर्थईस्टर्न विद्यापीठाचं 'वेहे' नावाचं अ‍ॅप हेच काम नीट करतं: एखाद्या अ‍ॅपसारखी रहदारी (डेटाची ये-जा) एकदा ओळखू येईल अशी आणि एकदा ओळखू येणार नाही अशी पाठवतं आणि दोन्ही वेग ताडून बघतं. मी चार संध्याकाळी वहीत तारीख, वेळ, आकडे लिहिले. साधा वेग ३८, तरी क्लास गोठलेला; व्हीपीएन लावल्यावर चारपैकी तीन दिवस सुरळीत.

इथे घाई करू नका. व्हीपीएनने सुधारणा झाली म्हणजे कंपनी मुद्दाम अडवतेच असं नाही, मूळ रस्ताच वाकडा असू शकतो. कंपनीच्या टीव्ही अ‍ॅपचा सर्व्हर तिच्याच जाळ्यात असल्यामुळेही ते वेगात चालू शकतं आणि अशा व्यवस्थेला नियमात मुभा आहे.

नियम दोन आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. ८ फेब्रुवारी २०१६ चा ट्रायचा नियम पैशांचा आहे: कुठली साइट पाहता यावरून डेटाचा दर बदलता येत नाही. मोडल्यास दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये दंड. फेसबुकची निवडक साइट फुकट दाखवणारी फ्री बेसिक्स योजना इथेच थांबली. प्लॅनसोबत ओटीटीची वर्गणी फुकट देण्यावर ही बंदी नाही; एखाद्या अ‍ॅपचा डेटा मोजायचाच नाही, यावर आहे. वेगाचा नियम २०१८ मध्ये परवान्याच्या अटींत आला: मजकूर बघून अडवणं, मंद करणं किंवा कुणाला झुकतं माप देणं बंद. म्हणून बिलावर परवानाधारक कंपनीचं नाव शोधा. केबलवाले दादा बहुतेकदा फक्त तिचे फ्रँचायझी असतात, अट लागू होते ती कंपनीला.

तक्रारीत "तुम्ही नेट अडवता" असं मी लिहिलं नाही. असं लिहिलं: "अमुक सेवेवर रहदारी नियंत्रण लावलं आहे का? असल्यास कोणतं, कधीपासून?" सोबत वहीच्या पानांचे फोटो. आरोप नाकारायला सोपा जातो, नेमक्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. फी नाही, निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. तिथेही काही झालं नाही तर केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभाग निवडा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे वेळ घालवू नका.

मला दहाव्या दिवशी फोन आला. "मॅडम, राउटिंग बदललंय, आज बघा." क्लास चालला. आधी काय होतं ते मात्र लेखी द्यायला ते तयार झाले नाहीत आणि मी अजून मागतेच आहे.

सोसायटीचं काम त्याहून अवघड गेलं. आमच्या इमारतीच्या शाफ्टमधून (वायरी वर नेण्याची पोकळी, तोच डक्ट) एकाच कंपनीची वायर चढू द्यायची असं जुन्या कमिटीने ठरवलं होतं. ज्याला दुसरीकडे जाताच येत नाही त्याच्या तक्रारीला कोण विचारतो? वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, आठवडाभर आधी सेक्रेटरी काकांना लेखी विषय दिला: "किमान दोन सेवादारांना समान अटींवर डक्ट खुला करणे." अकरा सभासदांच्या सह्या जोडल्या. ठराव मंजूर झाला आणि नवरात्रात दुसरी फायबर चौथ्या मजल्यापर्यंत आली.