राक्षसी भोपळ्याचं बी कधी भिजवायचं?

गुढी उतरवली की आमच्याकडे फोन सुरू होतात. "काकू, बी टाकू का?" मिनेसोटात तेव्हा अंगणाच्या कडेला बर्फाचे काळपट ढीग अजून वितळत असतात, आणि ह्यांना भोपळ्याची घाई! माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी ऑक्टोबरचं बोला. तुमचा भोपळा वजनाच्या स्पर्धेत काट्यावर कधी चढणार? तो दिवस पक्का करा आणि तिथून मागे मागे या. लग्नाची तारीख धरून केळवण, पत्रिका, खरेदी जशी मागे मागे लावत येतो, तसंच.

आमच्या भागात स्टिलवॉटरला ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारच्या सुमारास वजनं होतात. याच काट्यावर २०१० साली विस्कॉन्सिनच्या ख्रिस स्टीव्हन्सचा १८१०.५ पाउंडांचा भोपळा चढला होता, तेव्हाचा जागतिक विक्रम. समजा काटा १० ऑक्टोबरला आहे. फळ धरल्यापासून त्याला शंभर दिवस हवेत. म्हणजे मादी फुलाला परागकण लावायचे २ जुलैला, चार-पाच दिवस इकडेतिकडे. बी उगवल्यापासून वेल एवढी मोठी व्हायला साठ-पासष्ट दिवस लागतात. म्हणजे रोप डोकं वर काढणार २८ एप्रिलच्या आसपास. त्याआधी मोड यायला चार-पाच दिवस. झाला हिशोब: बी भिजवायचं २३-२४ एप्रिलला.

"मग १ एप्रिललाच लावलं तर तीन आठवडे जास्त मिळतील ना?" नाही मिळत. वेल जूनच्या सुरुवातीला फुलते खरी, पण तेव्हा तिच्यावर पानंच किती असतात? फळाला पोसायला पानं लागतात. मुख्य वेल निदान तीन मीटर लांब गेलेली, दोन्ही बाजूंना फाटे फुटलेले, अशा वेळी त्या टोकाकडचं फळ ठेवायचं. त्याआधीची मादी फुलं मी सरळ खुडते. शिवाय तीन आठवडे खिडकीत अडकलेल्या रोपाची मुळं कुंडीत गोल गोल फिरून बसतात, आणि असं रोप बाहेर लावल्यावर नुसतं रुसून राहतं. नंतर लावलेलं त्याच्या पुढे निघून जातं.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. भोपळा शंभर दिवस सारखा वाढत नाही. पहिले पंधरा-वीस दिवस बेताचे. मग तीन-चार आठवडे असे येतात की चांगल्या वेलीवरचं फळ दिवसाला दहा-पंधरा किलो चढतं. सकाळी फीत लावा, संध्याकाळी परत लावा, फरक दिसतो. सप्टेंबरात रात्री गार पडल्या की वेग मंदावतो. त्यामुळे ते जोराचे दिवस जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पडायला हवेत, जेव्हा इथे रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो आणि हवाही उबदार. ह्या लांब दिवसांमुळेच थंड प्रदेशवाले या खेळात पुढे आहेत. आमच्याच अनोका गावच्या ट्रॅव्हिस गिएंगरने २०२३ मध्ये २७४९ पाउंडांचा भोपळा कॅलिफोर्नियात हाफ मून बेला नेऊन जागतिक विक्रम केला. उन्हाळा छोटा म्हणून रडायचं कारण नाही.

आता अडचण एकच: फ्रॉस्ट, म्हणजे कोवळी रोपं मारणारी गोठवणारी थंडी. मिनीॲपोलिसच्या आत मेच्या सुरुवातीला धोका कमी होतो, पण आमच्यासारख्या बाहेरच्या मोकळ्या भागात मेच्या मध्यापर्यंत भरवसा नसतो. २३ एप्रिलचं बी १० मेच्या सुमारास जमिनीत जायला मागतं. तेव्हा प्रश्न स्वतःला विचारा: माझ्याकडे रोपावर घालायला प्लॅस्टिकचं छोटं घर आहे का? पाइप वाकवून, वर जाड प्लॅस्टिक ताणून, दोन मीटर बाय दोन मीटरचं पुरतं. थंड रात्री आत एखादा साधा गरम होणारा बल्ब. दिवसा ऊन आलं की मात्र बाजू उघडायलाच हवी, नाहीतर रोप आत उकडून निघतं. हे करणार असाल तर २३ एप्रिल. नसाल तर बिनदिक्कत ८ मेला भिजवा आणि २५ मेच्या पुढे लावा. फळाला पंच्याऐंशी दिवस मिळतील. गेले ते शेवटचे मंद दिवस, त्यांचं फार वाईट वाटून घेऊ नका.

जमिनीचं मात्र तारखेवर सोडू नका. सकाळी आठला थर्मामीटर चार इंच खोल खुपसा. लागोपाठ चार-पाच दिवस ६० फॅरनहाइटच्या वर, म्हणजे १६ सेल्सिअस, दिसलं की जमीन तयार. त्याआधी दोन आठवडे आळ्यावर काळं प्लॅस्टिक अंथरून ठेवलं तर काम लवकर होतं. आणि वापसा पाहा, म्हणजे मातीतलं जास्तीचं पाणी निघून ती मोकळी झाली का ते. बर्फ वितळून चिकट झालेल्या मातीत फावडं घातलंत तर उन्हाळाभर तिची ढेकळं फोडत बसाल.

माझी सातारची आजी वेलीची आळी अक्षय्य तृतीयेला घालायची, म्हणून मलाही कोणी कोणी विचारतं की तोच मुहूर्त इथे धरायचा का. श्रद्धेने एखादं बी जरूर टाका, पण तिथीवर पीक ठरवू नका. २०२४ ला अक्षय्य तृतीया १० मेला होती, २०२५ ला ३० एप्रिलला. खुद्द आजीसुद्धा खरिपाची पेरणी तिथीवर करत नव्हती, मृग निघाला का ते बघायची. मृग सूर्यावर चालतो, दरवर्षी ७-८ जूनलाच.

भिजवायच्या दिवशी काय करायचं ते सांगते. बी 'अटलांटिक जायंट'चंच हवं, नोव्हा स्कोशियातल्या विंडसरच्या हॉवर्ड डिल यांनी वाढवलेला वाण. भाजीच्या लाल भोपळ्याच्या बीतून हे निघत नाही. बी अंगठ्याच्या नखापेक्षा मोठं असतं आणि साल जाड. नखं घासायच्या कानशीने दोन्ही लांब कडा हलक्या घासा, आतला फिकट रंग दिसेपर्यंतच. टोकाला हात लावू नका, मूळ तिथूनच निघतं. तासभर कोमट पाण्यात ठेवा, ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळा, झिपच्या पिशवीत घाला आणि जिथे दही लावता तिथे ठेवा. बहुतेकांकडे ती जागा म्हणजे नुसता दिवा लावलेला ओव्हन. ८५ ते ९० फॅरनहाइट हवं, एकदा मोजून घ्या, आणि ओव्हनच्या बटणावर चिठ्ठी लावा, कारण घरात पिझ्झा गरम करणारे असतात. मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की टोक खाली करून कुंडीत इंचभर खोल लावा.

आधी दोन गुळगुळीत जाड पानं येतात, ती मोजायची नाहीत. त्यानंतरचं पहिलं खरं, खरखरीत पान उघडलं की रोप लावायच्या वेळेला आलं. हे पान कुठे तोंड करून आहे ते नीट बघा, वेल साधारण त्याच्या उलट दिशेला पळते. तेव्हा पान कुंपणाकडे आणि पाठ मोकळ्या जागेकडे, असं लावा.

तीन-चार बिया एकदम भिजवा. आठव्या दिवशी मोड नसेल तर ते बी सोडून द्या आणि त्याच दिवशी दुसरं भिजवा, २० मेपर्यंत चालतं. त्यानंतर त्या आळ्यात दुधी लावलेला बरा.