सही झालेल्या करारात आपलीच चूक निघाली तर

सही झाली, दोन्हीकडं कॉपी गेल्या आणि रात्री घरात निवांत वाचताना दिसलं की रेट नगाला २८० ठरलेला तिथं २०८ पडलाय. उद्यमनगरात आमच्या वर्कशॉपला हे झालंय, टाईप मीच केलेलं त्यामुळं शिव्या तरी कुणाला घालायच्या. पहिलं म्हणजे आपल्या कॉपीवर पेननं खाडाखोड करायची नाही, समोरच्याला न विचारता एक आकडा जरी बदलला तरी तोच कागद उद्या आपल्यावर उलटतोय.

आधी बघा चूक कागदात आहे का डोक्यात. ठरलं एक आणि टाईप झालं दुसरं, तर ते दुरुस्त होतंय. पण आपलाच हिशेब चुकून स्वस्तात कबूल केलं असेल तर अवघड हाय, १८७२ च्या करार कायद्याचं कलम २२ सांगतंय की नुसती एका बाजूची चूक म्हणून करार मोडता येत नाही. मग रेट वाढवून मागा, त्याला दुरुस्ती म्हणू नका.

कागदातली चूक असेल तर जुनं कोटेशन, व्हॉट्सॲपचे मेसेज काढून ठेवा आणि माल जायच्या आत फोन लावा. मी सकाळी चहाच्या आधीच लावला, "साहेब, माझ्याकडनं आकडा उलटा पडलाय, कोटेशन बघा की." ते हसले, म्हटले बघतो. आता "बघतो" वर गप्प बसायचं नाही, त्याच दिवशी मेल टाकायचा.

मग चूक दुरुस्ती पत्र, म्हणजे अमुक तारखेच्या करारात कलम ४ मध्ये 'रु. २०८' असे नमूद झाले आहे त्याऐवजी 'रु. २८० (अक्षरी दोनशे ऐंशी)' असे वाचावे, बाकी अटी कायम. मूळ करारात अक्षरी लिहिलं असतं तर ही वेळच आली नसती म्हणा. मूळ करारावर ज्यांच्या सह्या त्यांच्याच इथं पण, दोन साक्षीदार, आणि मूळ कागदाला जोडून ठेवायचं. करार रजिस्टर असेल, भाडेकरारासारखा, तर हे पत्र पण दुय्यम निबंधकाकडं रजिस्टर करावं लागतंय.

समोरचा नाहीच म्हटला तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम २६ खाली कोर्टात दुरुस्ती मागता येते, पण दोघांच्या मनात एकच होतं आणि कागदावर चुकून वेगळं उतरलं हे, नाहीतर फसवणूक, सिद्ध करावं लागतंय. वकील पण पहिलं तेच विचारतोय, जुनं कोटेशन कुठाय.