खंदकातल्या सैनिकाचे कपडे: गणवेशाच्या अभ्यासाला नव्याने लागणाऱ्यांसाठी

नाटक-सिनेमाची वेशभूषा करणारे असोत, संग्रहालयात नुकते रुजू झालेले असोत, की घरातला जुना फोटो घेऊन बसलेले असोत. पहिल्या महायुद्धाच्या गणवेशाकडे वळणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. सैनिकाचा उन्हाळी गणवेश कोणता आणि हिवाळी कोणता? फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवरच्या ब्रिटिश पायदळापुरतं बोलायचं तर असे दोन गणवेश नव्हतेच. १९०२ च्या नमुन्याचा खाकी लोकरी सर्जचा कोट आणि तसलीच पँट, हाच वेश बाराही महिने. ऋतूप्रमाणे बदलायचे ते त्याच्या आतले आणि वरचे थर. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात.

थर आतून बाहेर असे मोजा. अंगाला लोकरी बनियन आणि लांब चड्डी, त्यावर बिनकॉलरचा करडा फ्लॅनेलचा शर्ट, मग विणलेलं कार्डिगन आणि त्यावर सर्जचा कोट. थंडीत या कोटावर जर्किन यायचं. आपल्याकडे कुठल्याही जाकिटाला जर्किन म्हणतात, पण हे बिनबाह्यांचं होतं. १९१४-१५ च्या पहिल्या हिवाळ्यात ते बकरीच्या केसाळ कातड्याचं होतं. ते भिजलं की जड व्हायचं आणि त्याला घाण वास सुटायचा. पुढे त्याची जागा आतून लोकरी अस्तर लावलेल्या चामड्याच्या जर्किननं घेतली. बाह्या नसल्यानं बंदूक चालवायला आणि फावडं मारायला हात मोकळे राहतात, म्हणून जर्किन सैनिकांना ग्रेटकोटापेक्षा, म्हणजे लांब जाड ओव्हरकोटापेक्षा, जास्त आवडायचं.

ग्रेटकोट उबदार खरा, पण तो गुडघ्याच्या खाली यायचा. कोरडा असताना त्याचं वजन तीनेक किलो. पाणी आणि चिखल प्यायला की ते कितीतरी पट वाढे, आणि चिखलानं लडबडलेला घेर पायात अडकून चालणं मुश्कील व्हायचं. त्यामुळे कित्येकांनी संगिनीनं किंवा चाकूनं खालचा घेर कापून टाकला. फोटोत वेडावाकडा कापलेला कोट दिसला तर शिंप्याची चूक समजू नका.

खरा शत्रू थंडीपेक्षा ओल होती. बेल्जियममधल्या ईप्र शहराभोवतीच्या सखल भागात जमीन थोडी खणली तरी पाणी लागतं, आणि वरची चिकणमाती पाणी मुरू देत नाही. अशा पाण्यात तासन्‌तास उभं राहिलं की, पारा शून्याच्या वर असला तरी पायाच्या रक्तवाहिन्या आकसतात. आधी पाय बधिर होतो, मग सुजतो, निळसर पडतो. वेळेत लक्ष दिलं नाही तर मांस सडतं. यालाच ‘ट्रेंच फूट’ म्हणतात. पहिल्या हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यातले सुमारे २०,००० जण यानं कामातून गेले.

त्यावरचा उपाय सोपा होता, पण शिस्तीचा होता. बूट काढायचे, पाय पुसून कोरडे करायचे, व्हेल माशाचं तेल चोळायचं, कोरडे मोजे चढवायचे. पाय तपासण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर असे. पुढे कोरडे मोजे रसदीबरोबर आघाडीवर पाठवायचे आणि ओले मागे आणायचे, अशी पद्धत बसली. मांडीपर्यंतचे रबरी गमबूट खंदकाच्या सामानातच मोडायचे. पाळी बदलली की जाणारी तुकडी ते येणाऱ्यांच्या हवाली करायची. पण वरून एकदा पाणी शिरलं की ते आतच राहतं, आणि घामही सुटायला वाट नसते. म्हणजे गमबुटातही पाय ओलाच.

पायाला गुंडाळायच्या पट्ट्यांकडे नवे लोक हमखास दुर्लक्ष करतात. इंग्रजीतला ‘पटी’ हा शब्द आपल्या ‘पट्टी’वरूनच गेला. पायदळ ती घोट्यापासून वर गुंडाळत गुडघ्याखाली फितीनं बांधायचं. घोडदळ वरून सुरू करून घोट्याशी संपवायचं. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या साधारण निम्म्या रुंदीवर आला पाहिजे. सैल बांधली तर चार पावलांत खाली घसरते. घट्ट बांधली तर लोकर भिजून आकसते आणि पोटरी आवळते. ट्रेंच फूटला तेही एक कारण होतं.

उन्हाळ्यात ग्रेटकोट, जर्किन, जादा ब्लँकेटं मागे जमा व्हायची. सर्ज मात्र अंगावरच. गरम होतंय म्हणून बाह्या वर करायच्या, कोट काढून शर्टावर काम करायचं, कुणी पँट गुडघ्यावर कापायचं. या दिवसांतला मोठा त्रास उवांचा. त्या शिवणीत अंडी घालतात, म्हणून शिवणीवरून मेणबत्तीची ज्योत फिरवायचे. पण थोडी अंडी वाचायचीच आणि अंगाच्या उबेनं पुन्हा फुटायची. स्कॉटिश पलटणींच्या किल्टच्या, म्हणजे घागऱ्यासारख्या पुरुषी वस्त्राच्या, चुण्या तर उवांचं माहेरघर. हिवाळ्यात त्याच किल्टची चिखलानं कडक झालेली किनार गुडघ्यामागची कातडी सोलून काढायची.

भारतीय सैनिकांचं वेगळं पाहावं लागतं. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस फ्रान्सच्या मार्सेल बंदरात उतरलेल्यांपैकी अनेकांच्या अंगावर ड्रिल नावाचं सुती खाकी कापड होतं. सुती कापड भिजलं की ऊब धरत नाही, लोकर थोडीफार धरते; फ्लँडर्सच्या, म्हणजे ईप्रच्या आसपासच्या प्रदेशातल्या, पावसात हा फरक जीवघेणा होता. खडकीच्या सॅपर्सच्या (लष्करी अभियंत्यांच्या) कंपन्या ऑक्टोबरअखेर फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेल गावी लढल्या, म्हणजे ऐन पावसाळी थंडीच्या तोंडावर. माकडटोप्या, मफलर, मोजे असे गरम कपडे हळूहळू पोचले. त्यात ‘इंडियन सोल्जर्स फंड’चा मोठा वाटा होता. मराठा पलटणी असलेली सहावी (पुणे) डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होती. तिथे मात्र ऋतूप्रमाणे दोन वेश खरोखरच लागायचे: उन्हाळ्याला ड्रिल, हिवाळ्यातल्या गोठवणाऱ्या रात्रींना सर्ज.

फोटोवरून काळ ओळखायचा तर डोक्यापासून सुरुवात करा. पोलादी हेल्मेट १९१५ च्या शरद ऋतूत थोड्यांना मिळालं, १९१६ च्या उन्हाळ्यापर्यंत सर्रास झालं. कान झाकणारी मऊ टोपी आणि केसाळ जर्किन एकत्र दिसलं तर पहिल्या हिवाळ्यांकडे बघा. छातीवर गॅस-मुखवट्याची चौकोनी पिशवी असेल तर १९१६ किंवा त्यानंतरचा काळ. ऋतू ठरवताना एकट्या सैनिकावर जाऊ नका, मागची झाडं पाहा. मार्चमध्ये ग्रेटकोट आणि शर्ट एकाच रांगेत दिसू शकतात. स्टुडिओतल्या फोटोवर तर फारच कमी विसंबा. तिथे माणूस ठेवणीतले, घासूनपुसून साफ केलेले कपडे घालून उभा असतो.

वेशभूषा करत असाल तर चिखल वरून शिंपडू नका. तो खालून चढतो: बूट आणि पट्ट्या पूर्ण माखलेल्या, मांडीपर्यंत ओल, कोपरांवर आणि ढुंगणावर खंदकाच्या भिंतीची माती, खांदे मात्र बरेचसे स्वच्छ. पट्टे आणि दारूगोळ्याच्या पिशव्या जर्किनच्या वरून यायला हव्यात, खालून नव्हे.